पहिल्या दाढेची साक्ष

यंत्राला खात्रीचा माणूस हवा होता, म्हणून शरयू उपासनी खुर्चीत बसली.

खात्रीचा म्हणजे ज्याचं बालपण कुठं गेलं याबद्दल कुणाला तिळमात्र शंका नाही असा. वेल्समधल्या कार्डिफच्या मूळवास केंद्रात महिन्यातून एकदा अशा माणसाची दाढ तपासून यंत्र ठाकठीक असल्याची नोंद करायची पद्धत होती. नेहमी स्वागतकक्षातली ग्वेन बसायची. या महिन्यात ती तापानं आडवी झाली होती आणि मंगळवार उलटून चालणार नव्हता, कारण शुक्रवारी सुनावणी होती.

"तूच बस की," केंद्राचा प्रमुख रीस प्रिचर्ड म्हणाला. "इथल्याच ऱ्हाँडा खोऱ्यात जन्म, तिथलीच शाळा, गावच्या डॉक्टरची मुलगी. तुझ्याहून पक्की मी कुठून आणू?"

शरयू हसली. पन्नाशी ओलांडलेली ही बाई केंद्राची मुख्य तंत्रज्ञ होती, आणि दहा वर्षांत तिची स्वतःची दाढ कुणी तपासली नव्हती. कर्मचाऱ्यांना तपासणी माफ होती. दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, हा नियम कुठल्याही देशाचं सरकार मनापासून पाळतं.

अकरा मिनिटं तोंड उघडून ती पडून राहिली. यंत्राच्या लेझर किरणानं तिच्या खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढांवर केसाएवढी एकेक रेघ मारली, तिथून उडालेली धूळ नळीनं ओढून घेतली आणि समोरच्या पडद्यावर जगाचा नकाशा उमटला. दुसरी दाढ वेल्सवर हिरवी झाली. पहिली दाढ बराच वेळ अंधारातच राहिली, मग तांबडा ठिपका पेटला तो भारतावर, सह्याद्रीच्या पूर्वेला.

"बिघडलं वाटतं," रीस म्हणाला.

शरयूनं तोंड पुसलं आणि शांतपणे डबीतली प्रमाणित भुकटी यंत्रात घातली. ही भुकटी कुठल्या खडकाची आहे ते डबीवरच लिहिलेलं असतं. यंत्रानं अचूक सांगितलं. तिनं दुसरी डबी घातली, तीही अचूक. मग ती पुन्हा खुर्चीत बसली आणि अकरा मिनिटांनी पुन्हा तोच तांबडा ठिपका पेटला.

बाहेर बाकावर तपासणीसाठी आलेली माणसं खोकत होती.

हे यंत्र आलं कसं, ते सांगायला हवं. कोणताही कागद, फोटो, सही, शिक्का संगणक हुबेहूब बनवून देऊ लागले तेव्हा सगळ्या जगाचा कागदावरचा विश्वास उडाला. जन्माचा दाखला म्हणजे काय, कुणीही घरी बसून काढावा. मग पार्लमेंटमध्ये दोन वर्षं वाद झाला की ब्रिटिश माणूस ओळखायचा तरी कसा. कुणी म्हणे भाषेवरून, कुणी म्हणे मूल्यांवरून, कुणी रांगेत शांतपणे उभं राहण्यावरून. शेवटी गाडी दातांवर येऊन थांबली. जन्मानं ब्रिटिश म्हणवणाऱ्या ज्याच्या दाखल्याबद्दल शंका असेल, त्याच्या दाखल्याला दाढेचा दुजोरा हवा, असा कायदा झाला.

त्यामागचं विज्ञान मात्र भक्कम होतं. माणसाचं हाड बदलत राहतं, कातडी बदलते, रक्त तर चार महिन्यांत नवं होतं. पण दाताचं कवच एकदा बनलं की बनलं, त्यात पुन्हा काही भर पडत नाही. कायमची पहिली दाढ उगवते सहाव्या वर्षी, पण तिचं कवच हिरडीच्या आत जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत थरावर थर चढून तयार होतं. दुसऱ्या दाढेचं त्यानंतर, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत. त्या काळात मूल जे खातं-पितं, त्याची मोहर त्या थरांवर बसते.

मोहर दोन प्रकारची. एक खडकाची. प्रत्येक खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं, आणि त्याचे जड आणि हलके असे प्रकार असतात. खडक जितका पुरातन, तितकं त्यात जडाचं प्रमाण सहसा जास्त. वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांतले थर तीस कोटी वर्षांपूर्वीचे. दख्खनचा काळा कातळ त्या मानानं कालचं पोर, साडेसहा कोटींचा, आणि पृथ्वीच्या पोटातून थेट वर आलेला, म्हणून त्यात जड प्रकार फार कमी. खडकातून ते मातीत येतं, मातीतून गवतात, गवतातून दुधात आणि दुधातून मुलाच्या दाढेत. दुसरी मोहर पाण्याची. अटलांटिकवरून वेल्समध्ये पडणारा पाऊस आणि आपला मोसमी पाऊस यांच्यातल्या ऑक्सिजनचं वजन सारखं नसतं, आणि प्यालेलं पाणीही दाढेत उतरतं. दोन्ही मोहरा जुळल्या की नकाशावर ठिपका पेटतो.

शरयूनं हे व्याख्यान शेकडो वेळा दिलं होतं. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "आठवण चुकते, कागद खोटा असतो, दाढ खोटं बोलत नाही."

त्या दुपारी मात्र ती दाढेला खोटं पाडायचे रस्ते शोधत बसली. एक सापडलाही. फलटणहून मामी नाचणीचं सत्त्व पाठवायची, पार्सलं भरभरून. पेनवेनमध्ये, म्हणजे तिच्या गावात, तान्ह्या शरयूला आईनं तेच भरवलं असणार. नाचणी दख्खनच्या मातीतली, म्हणजे खडकाची मोहर तिथली. तिला इतकं हायसं वाटलं की तिनं चहा मागवला.

चहा येईपर्यंत तो आधारही गेला. नाचणी पार्सलनं येते, पण पाणी पार्सलनं येत नाही. सत्त्व शिजलं असतं ते पेनवेनच्या नळाच्या पाण्यात, आणि तिच्या पहिल्या दाढेत पेनवेनचं पाणी जवळपास नव्हतंच. ते पाणी अचानक सुरू होत होतं, दाढेच्या अगदी शेवटच्या थरात, साधारण पावणेतीन वर्षांच्या खुणेवर.

आणि घरच्या गोष्टीप्रमाणे ती आठ वर्षांची होईपर्यंत भारतात गेली होती ती एकदाच, तिसरा वाढदिवस जवळ आला असताना, दोन महिन्यांसाठी.

"शॅरी," रीस दार लावून म्हणाला. तो तिला वीस वर्षं ओळखत होता. "चाचणी झालीच नाही असं समजू. ग्वेन सोमवारी येईल, तिच्या नोंदीवर आजचीच तारीख टाकू. मी फाइल पुसतो."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवारी तू नेहमीसारखी साक्ष दे आणि घरी जा."

शुक्रवारची सुनावणी डेल्रॉय फ्रेझरची होती. एकाहत्तर वर्षांचा हा माणूस चाळीस वर्षं कार्डिफमध्ये बस चालवून निवृत्त झाला होता. त्याचं म्हणणं, जन्म कार्डिफच्या गोदीजवळचा. आई दोन पाळ्यांत काम करायची, म्हणून चार महिन्यांचा असताना त्याला जमैकात आजीकडे ठेवलं आणि पाचव्या वर्षी परत आणलं. दाखला होता, पण दाखल्याला आता कोण विचारतो. दाढेत जमैका निघालं होतं. शरयूच्या समोर बसून तो म्हणाला होता, "बाई, मला आठवतं तेव्हापासून मी इथलाच आहे." त्यावर तिनं सांगितलं होतं की आठवण हा पुरावा होत नाही. आवाजही चढवला नव्हता. कसं सौजन्यानं सांगितलं, याचं तिला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

"फाइल राहू दे," ती रीसला म्हणाली. "दोन दिवस थांब."

बुधवारी सकाळी ती पेनवेनला निघाली. गाडी चालवताना तिची जीभ राहून राहून त्या दाढेकडं जात होती. तिथं किरणाची रेघ लागायचीसुद्धा नाही, तरी जीभ ऐकेना.

जन्मानं ब्रिटिश. हे दोन शब्द ती लहानपणापासून खिशात ठेवून फिरली होती. सातवीत असताना बसथांब्यावर एका मुलीनं तिला म्हटलं, आलीस तिथं परत जा. ती रडत घरी आली, तेव्हा बाबांनी, डॉक्टर यशवंत उपासनींनी, तिला समोर उभं करून वाक्य पाठ करून घेतलं होतं, "माझा जन्म इथं झालाय, तुझ्याइतकीच मी इथली आहे." दहा वेळा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते म्हटलं आणि ती मुलगी गप्प बसली. पुढं कॉलेजात, नोकरीत, हॉटेलात, जिथं जिथं कुणी भुवई उंचावली तिथं तिथं तिनं तेच वाक्य पुढं केलं. केंद्रातली नोकरीही त्याच तोऱ्यात घेतली. जे खरे आहेत त्यांना कसली भीती, असं ती म्हणायची.

आईचं घर चढावर होतं, शेजाऱ्याला चिकटून शेजारी अशा दगडी घरांच्या ओळीत. कुमुदताई ब्याऐंशी वर्षांच्या, गुडघ्यांनी थकलेल्या आणि जिभेनं तल्लख. त्या पुढच्या खोलीत बसून लहान मुलीचा पिवळा फ्रॉक इस्त्री करत होत्या.

हा फ्रॉक शरयूच्या ओळखीचा होता. म्हणजे हाच नव्हे, पण दरवर्षीचा. फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला आई गल्लीतल्या कुणातरी तीन वर्षांच्या मुलीला जेवायला बोलवायची, तिच्यासाठी गोडाचा शिरा करायची आणि तिला नवा फ्रॉक घालायची. पेनवेनच्या निम्म्या बायकांनी लहानपणी डॉक्टरीणबाईंचा फ्रॉक घातला होता. गावानं ती कुठलीतरी हिंदू पद्धत म्हणून मान्य केली होती आणि शरयूनं आईची खोड म्हणून. दिवस मात्र दरवर्षी पुढंमागं व्हायचा, आणि का, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"आज अचानक? नोकरी गेली की काय?" आई म्हणाली.

"आई, मी किती वर्षांची असताना इथं आले?"

इस्त्री फ्रॉकवर थांबली. कापड करपल्याचा वास आल्यावर आईनं ती बाजूला केली.

"हे काय विचारणं झालं. इथंच तर झालीस तू. बाबांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी—"

"मी काल माझी दाढ तपासली."

आईनं प्लग काढला. फ्रॉकची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. मग ती खुर्चीत बसली आणि तिनं मुलीकडं पाहिलं ते असं, की शरयूला वाटलं आपण विचारायलाच नको होतं.

"तुझ्या यंत्राच्या भीतीनं गेली दहा वर्षं मला धड झोप नाही," आई म्हणाली. "तू ही नोकरी धरलीस तेव्हा बाबा असते तर काहीतरी करून थांबवलं असतं. मला जमलं नाही."

"काय झालं होतं, आई?"

"चौऱ्याऐंशी साल. दादाकडे गेलो होतो फलटणला, मी आणि शरयू. बाबांना सुट्टी नव्हती. दीड महिना मजेत गेला पोरीचा. मग ताप आला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली." आईनं हात मांडीवर ठेवले. "माघ वद्य सप्तमी. लहान लेकरू म्हणून जाळली नाही, नदीच्या काठाला पुरली. बाबा विमान पकडून आले तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर होते ना ते. दिसेल त्याला विचारत होते, काय औषध दिलं, किती दिलं. मग विचारायचं थांबले."

शरयूला एवढंच समजत होतं की आई शरयू नावाच्या कुणाबद्दल तरी बोलते आहे.

"मी जेवत नव्हते, बोलत नव्हते. परतीच्या आदल्या दिवशी वहिनीनं मला पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं. नारळ घेतला, तांदूळ घेतले, आणि आपली धाकटी उचलून माझ्या ओटीत ठेवली. म्हणाली, वन्सं, रिकाम्या ओटीनं जाऊ नका. ही तुमची."

"धाकटी म्हणजे कोण?"

"म्हणजे तू. शरयूहून दोन महिन्यांनी लहान. सारख्या दिसायच्या दोघी, एकीचं झबलं दुसरीला घालायचो. कुसुमावती नाव होतं तुझं, पणजीचं. सगळे कुसू म्हणायचे."

खिडकीबाहेर टपालवाला गेला आणि त्यानं सवयीनं हात केला. शरयूनंही सवयीनं हात केला.

"आणि कागद?" तिनं विचारलं. तिचा आवाज केंद्रातल्यासारखा निघाला, अर्जदाराला विचारावा तसा.

"कसले कागद? ओटीत घातलेल्या मुलीला कागद लागतो का? आमच्या घरात दोन पिढ्या अशा दिल्या-घेतल्या होत्या, कधी कुणी कोर्टात गेलं नाही. आणि तेव्हा लहान मुलं आईच्या पासपोर्टावर असायची. नुसतं नाव आणि जन्मतारीख, फोटो नाही. विमानतळावरचा माणूस तुझ्याकडं बघून हसला आणि त्यानं शिक्का मारला. बाबा म्हणाले, आता हिला शरयूच म्हणायचं. एकदा म्हटलं की म्हटलं."

"बाबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, आई. माझा जन्म इथं झालाय म्हणून. दहा वेळा."

"मी स्वयंपाकघरात होते तेव्हा. ऐकत होते."

शरयूला संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. परक्यानं केलं असतं तर तिच्याकडं त्यासाठी कायदा होता, कलम होतं, छापील पत्र होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुठं करणार.

"शुक्रवारी मला साक्ष द्यायची आहे," ती म्हणाली. "माझ्यासारख्याच एका माणसाविरुद्ध. रीस माझी फाइल पुसायला तयार आहे. पुसली तर कुणालाच कधी कळणार नाही. नाही पुसली तर माझं नागरिकत्व पहिल्या दिवसापासून रद्द. अठ्ठावीस दिवसांत देश सोडायचा. ती पत्रं मीच लिहिते, आई, मला मजकूर पाठ आहे."

"मग पुसू दे."

"आणि तो माणूस?"

"त्याचं त्याचे लोक बघतील." आई पुढं झुकली. "तिचं दुसरं काही उरलेलं नाही ग. ना फोटो, ना कपडा, तिथलं तिथंच टाकून आले, इथलं होतं ते सगळं तुझं झालं. तिचं नाव तेवढं उरलंय, ते तुझ्या अंगावर आहे. तू शाळेत गेलीस तेव्हा तीही शाळेत गेली. तुझी पदवी झाली तेव्हा तिची झाली. तू ते उतरवून ठेवलंस की ती मेली. मी तिला अठ्ठेचाळीस वर्षं जपलंय."

शरयू उठली आणि आईजवळ बसली, पण तिला आईचा हात हातात घेता आला नाही. परत निघताना तिनं घड्याळ पाहिलं, तर येऊन फक्त पाऊण तास झाला होता.

गुरुवारी तिनं फलटणला फोन लावला. मामा कधीच गेले होते. मामी थोरल्या मुलाकडे राहत होत्या. दर दिवाळीला बोलणं व्हायचं, तेही दोन मिनिटं, आणि मामीच घाईनं फोन ठेवायच्या. परदेशी फोनचा खर्च नको म्हणून, असं शरयूला वाटायचं. फोन फुकट झाल्यावरही त्या घाईच करायच्या.

"मामी, मी शरयू बोलतेय. मला आईनं सांगितलं."

पलीकडं कुकरची शिटी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"कुमुदवन्सं बऱ्या आहेत ना?" मामींनी विचारलं. "रागावू नको हो त्यांच्यावर. मी दिली म्हणून त्यांनी नेली."

"तुम्हाला परत मागावंसं नाही वाटलं कधी?"

"ओटीत घातलेलं मागतात का?" मामी म्हणाल्या. "फोनवर जास्त बोलत नव्हते मी. जास्त बोलले तर तोंडून नाव जायचं तुझं. जेवलीस का?"

"जेवले," शरयू म्हणाली. ती जेवली नव्हती. फोन ठेवल्यावर ती केंद्राच्या स्वच्छतागृहात जाऊन रडली, आणि रडतानाही तिला नेमकं कळत नव्हतं की आपण कुणासाठी रडतोय.

रीसनं संध्याकाळी दाराशी येऊन नुसती मान हलवून विचारलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी सांगते."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता आईचाच फोन आला.

"तिचा मृत्यू कुठंच नोंदलेला नाही ना ग?"

"नाही. कागदोपत्री ती जिवंत आहे. म्हणजे मी."

"मी पोरींना फ्रॉक घालते तो कुणासाठी, हे गावात कुणाला ठाऊक नाही. मी पण कुणाशी बोलले नाही. वहिनी बोलली नाही, बाबा बोलले नाहीत. काल रात्रभर विचार केला. जपलं म्हणतेय मी, पण लपवलंच ना. आपल्या पोरीसाठी उघड्यावर एकदा रडले नाही मी." आईनं नाक पुसल्याचा आवाज आला. "सांगायचं असलं तर सगळं सांग. तिची तारीख पण सांग. सव्वीस एप्रिल एक्याऐंशी, पेनवेन. गेली ती फलटणला."

"तुलाही बोलावतील, आई. गुन्हा आहे तो."

"ब्याऐंशीची आहे मी. कुठं धाडतात बघू."

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. समोर तीन सदस्य, मध्ये अध्यक्षबाई. एका बाजूला तज्ज्ञाची गादीची खुर्ची, दुसऱ्या बाजूला अर्जदारांचं लाकडी बाक. डेल्रॉय फ्रेझर बस कंपनीचा जुना टाय बांधून आला होता. त्याची तरुण वकील कागद चाळत होती, आणि ती हरणार हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रीस मागच्या रांगेत बसला होता.

"नोंदीसाठी," अध्यक्षबाई वर न बघता म्हणाल्या, "नाव, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व."

एरवी शरयू हे एका दमात सांगून टाकायची. आज तिनं घोटभर पाणी घेतलं.

"शरयू उपासनी या नावानं मी ओळखली जाते," ती म्हणाली. "ते नाव ज्या मुलीचं होतं, ती पेनवेनला जन्मली, सव्वीस एप्रिल एकोणीसशे एक्याऐंशी. तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत ती भारतात वारली. तिचा मृत्यू कुठंच नोंदलेला नाही, तो आज इथं नोंदवावा अशी तिच्या आईची विनंती आहे. मी तिच्या मामाची मुलगी. तिच्या नावावर मला इथं आणलं, तेव्हा मी पावणेतीन वर्षांची होते. परवापर्यंत हे मला माहीत नव्हतं."

अध्यक्षबाईंनी आता वर पाहिलं. टंकलेखकाचे हात थांबले होते. वकिलीण अर्धवट उभी राहिली आणि तशीच राहिली.

"तुम्ही काय बोलता आहात हे तुम्हाला समजतंय ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"समजतंय. यंत्र ठीक आहे. मंगळवारी मी ते माझ्याच दाढेवर तपासलं. अहवाल श्री. प्रिचर्ड यांच्याकडे आहे." मागच्या रांगेत रीसनं डोळे मिटून घेतले. "माझा दाखला अस्सल आहे. त्यावरचा शिक्का खरा, सही खरी. फक्त तो माझा नाही. या श्री. फ्रेझरांचा दाखला त्यांचाच आहे, पण दाढ म्हणते जमैका. मी दहा वर्षं या खुर्चीत बसून सांगत आले की दाढ खोटं बोलत नाही. ती बोलतच नाही खोटं. पण कुठं जन्मलात, हे तिला विचारलं तर तिला माहीत नसतं. लहानपणी कुठलं पाणी प्यालात एवढंच तिला ठाऊक. ज्या मुलीचं नाव मी लावते, तिच्या दाढा पेनवेनच्या पाण्याच्या आहेत, आणि त्या फलटणला नदीकाठच्या काळ्या मातीत आहेत. तिला आज इथं आणलं असतं तर तुम्ही तिला एका मिनिटात ब्रिटिश ठरवलं असतं. आणि मी ही इथं जिवंत बसले आहे."

तिन्ही सदस्य एकमेकांच्या कानाशी लागले. अध्यक्षबाईंनी घसा साफ केला.

"श्री. फ्रेझर यांचा निर्णय तहकूब. आणि बाई, तुमची साक्ष..." त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. "नियमानुसार संशयित दर्जाच्या व्यक्तीला तज्ज्ञाच्या आसनावर बसता येत नाही. कृपया ते रिकामं करा. सदस्य परत येईपर्यंत थांबावं लागेल."

"कुठं थांबू?"

हे त्यांना सांगता आलं नाही. सदस्य आत निघून गेले.

शरयू उठली. खोलीच्या मध्यभागी ती हातात पिशवी घेऊन उभी राहिली. गादीच्या खुर्चीकडं परत जाता येत नव्हतं. जीभ पुन्हा त्या दाढेकडं गेली.

लाकडी बाकावर डेल्रॉय फ्रेझरनं आपली टोपी उचलून मांडीवर घेतली. चाळीस वर्षं उतारूंना जागा करून देणाऱ्या त्या माणसानं थोडं भिंतीकडं सरकून शेजारची जागा हातानं झटकली.

"या बाई," तो म्हणाला, "इथं होईल जागा."

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"नाव काय म्हणालात?" त्यानं हळूच विचारलं. "तुमचं स्वतःचं."

ते नाव तिनं आजवर एकदाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

"कुसू," ती म्हणाली.